कागदाचा बोंबील

संघमित्रा गमरे या बाईंबद्दल मी लिहितेय ते त्यांना विचारून. "लिहा," त्या म्हणाल्या, "पण मला चांगलं करून दाखवू नका." तेव्हा जसं झालं तसं सांगते.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात हातावरच्या उपचारांचा छोटा विभाग आहे. मशीनमध्ये, काचेने, सुरीने हात कापलेली माणसं शस्त्रक्रियेनंतर तिथे येतात आणि त्यांची बोटं पुन्हा कामाला लावायची, हे आमचं काम. मी तिथे सहा वर्षं थेरपिस्ट होते. दाराशी नोंदणीच्या टेबलावर संघमित्राताई. वय अठ्ठेचाळीस, केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची कॉटनची साडी. त्यांनी लिहिलेलं पेशंटचं कार्ड छापल्यासारखं दिसायचं. सगळीकडे कॉम्प्युटर आले तरी आमच्याकडे कार्डं त्याच लिहायच्या, कारण डॉक्टरांनाही ती वाचायला आवडायची.

त्या भोईवाड्यातल्या, चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत रंगखात्यात होते. ते स्वतः चौथी शिकलेले, पण रोज संध्याकाळी मुलीची वही तपासायचे. एक अक्षर रेघेखाली घसरलं तर पान फाडून पुन्हा लिहायला लावायचे. म्हणायचे, "आपल्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये. बाकीच्यांचं चालून जातं, आपलं जात नाही." हे वाक्य संघमित्राताईंनी मला बऱ्याचदा सांगितलं होतं, आणि दर वेळी अभिमानानेच.

क्विलिंग त्यांच्या आयुष्यात उशिरा आलं. कागदाच्या बारीक पट्ट्या सुईवर गुंडाळायच्या, त्या गुंडाळ्या चिमटीत दाबून एखादीला पाकळीचा आकार द्यायचा, एखादीला डोळ्याचा, आणि पुठ्ठ्यावर चिकटवत चित्र उभं करायचं, अशी ही कला. बुद्धजयंतीला विहारात लावायला त्यांनी पहिल्यांदा कागदाचं धम्मचक्र केलं. ते पाहून कुणीतरी त्यांना 'कागदी रविवार' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. शिवाजी पार्कला राहणाऱ्या सीमाताई प्रधान या निवृत्त चित्रकला शिक्षिका तो ग्रुप चालवायच्या. गिरगावापासून शीवपर्यंतच्या चाळीसेक बायका त्यात होत्या. सोमवारी सकाळी आठला सीमाताई एक विषय द्यायच्या: खिडकी, भूक, सावली, असं काहीही. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येकीने त्यावर केलेल्या कामाचा फोटो टाकायचा. आठ वाजता सीमाताई त्यातलं एक निवडायच्या आणि पुढचा आठवडाभर ते ग्रुपचं चित्र म्हणून झळकायचं. बक्षीस वगैरे काही नाही, एवढंच.

पण संघमित्राताईंसाठी ते फार होतं. पहाटे नळाला पाणी येण्याआधी उठून त्या तासभर बसायच्या. तीन वर्षांत त्यांचा एकही रविवार चुकला नव्हता. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात विषय होता 'पान'. घरात माणसं भेटायला येत-जात होती, आणि संघमित्राताई आतल्या खोलीत पिंपळाचं पान गुंडाळत होत्या. फोटो वेळेत गेला. सीमाताईंनी लिहिलं, "शिस्त शिकावी तर संघमित्राकडून." तो मेसेज त्यांनी फोनमध्ये जपून ठेवला होता.

कमलाबाई नाखवा आमच्याकडे आल्या त्या गेल्या वर्षी थंडीत. शीव कोळीवाड्यातल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, लालबागच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या. सुरमई कापताना कोयता घसरला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. शस्त्रक्रिया नीट झाली होती, पण बोटं लाकडासारखी झालेली. मी त्यांना मळायला मऊ माती दिली, खाचांत खुंट्या बसवायला दिल्या. दोन दिवसांत त्या कंटाळल्या.

"मना पीठ मळायला बोलावलंय काय गो?" त्या म्हणाल्या. "आनि ह्ये खुंटीचं खेल माजी नात खेलते."

मी हात टेकले. तेव्हा दारातून संघमित्राताई म्हणाल्या, "मॅडम, मी बघू का जरा?" त्यांनी पर्समधून पट्ट्यांचं पाकीट आणि सुई काढली आणि खिडकीजवळच्या टेबलावर कमलाबाईंच्या समोर बसल्या. "मावशी, ही पट्टी सुईच्या फटीत अडकवा. उजव्या हाताने सुई फिरवा. डाव्या बोटांनी कागद नुसता धरायचा, दाबायचा नाही."

पहिली गुंडाळी सुटली. दुसरीही. तिसरी सुटली पण पुरती नाही, पसरट होऊन टेबलावर पडली. कमलाबाईंनी ती उचलून उजेडात धरली. "ह्यो तर कालवाचा शिंपला झाला," म्हणाल्या, आणि लगेच दुसरी पट्टी मागितली.

त्यानंतर सोमवारी आणि गुरुवारी दोघींचं ते टेबल ठरून गेलं. जेवणाच्या सुट्टीत संघमित्राताई डबा पटकन संपवून तिथे जाऊन बसायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाला तरी काही शिकवत होत्या आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. महिन्याभरात त्यांनी स्वतःहून सीमाताईंना फोन केला, "माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला ग्रुपवर घ्या ना." 'माझी विद्यार्थिनी' हे त्यांनी मला पुन्हा सांगून दाखवलं होतं.

सीमाताईंनी घेतलं, आणि लगेचच्या सोमवारी विषय आला, 'पाणी'.

संघमित्राताईंनी कमळांचं तळं केलं. निळ्याच्या सात छटा, सव्वाचारशे गुंडाळ्या, सगळ्या एका मापाच्या. त्यासाठी त्या गोल भोकांची प्लास्टिकची मापपट्टी वापरायच्या. प्रत्येक गुंडाळी भोकात बसवून बघायची, जास्त झाली तर सोडून पुन्हा करायची. फोटो खरोखर सुंदर होता. मी पाहिलाय.

कमलाबाईंनी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर एक बोंबील केला होता.

एकच. आडवा, तोंड वासलेला, पांढुरक्या आणि फिकट गुलाबी पट्ट्यांचा. त्यांच्या डाव्या बोटांना गुंडाळी घट्ट धरता येत नव्हती, म्हणून प्रत्येक गुंडाळी सैल सुटलेली, कललेली, एकीवर एक रेललेली. त्या सैलपणातच तो मासा होता. बोंबील हातात घेतला की तो कसा लिबलिबतो, बोटांतून खाली वाहू बघतो, तसाच दिसत होता तो. खाली त्यांनी आवाजी संदेश टाकला होता, "पानी इचारलं ना? बोंबलात पान्याबिगर दुसरं असतं काय?"

ग्रुपवर नुसता धुमाकूळ झाला. रात्री आठला सीमाताईंनी लिहिलं, "पाणी म्हटल्यावर आपण सगळ्यांनी पाणी काढलं. या बाईंनी पाण्याचा जीव काढला." आणि बोंबील ग्रुपचं चित्र झाला.

त्या रात्रीचं संघमित्राताईंनी मला नंतर सांगितलं. त्या फोन डोळ्यांजवळ धरून फोटो मोठा करून बघत बसल्या होत्या. त्यांचे यजमान उत्तमराव पोस्टात आहेत, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "काय शोधतेयस एवढं?"

"चुका."

"सापडल्या?"

"नऊ. दोन ठिकाणी गोंद वर आलाय. शेपटीला कागद फाटलाय. एकही गुंडाळी दुसरीसारखी नाही."

"मग?"

"मग काय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना आवडलाय."

संघमित्राताईंनी नंतर बोंबलाखाली आलेली बदामं मोजली आणि आपल्या तळ्याखालची मोजली. मग कोणकोणत्या बायकांनी दोन्हींना दिली आणि कुणी फक्त बोंबलाला, तेही बघितलं.

गुरुवारी कमलाबाई तो बोंबील प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आल्या. "ह्यो तुजा," त्यांनी संघमित्राताईंच्या पुढ्यात ठेवला. "पयला मासा हाय. तू शिकवलंस."

संघमित्राताईंनी तो उचलला, आडवा धरला, उलटा केला, आणि म्हणाल्या, "मावशी, गोंद दिसतोय."

मी समोरच एका पेशंटची बोटं बांधत होते. वाक्य साधं होतं, पण आवाज असा होता की मी वर पाहिलं.

"दिसतोय खरा," कमलाबाई म्हणाल्या.

"आणि गुंडाळ्या एका मापाच्या हव्यात. हे बघा." त्यांनी मापपट्टी काढली. "प्रत्येक गुंडाळी यात बसली पाहिजे. तुमचं लक्ष नसतं."

"तुजं बराबर हाय गो. तू शिकलेली."

कमलाबाई मापपट्टी घेऊन गुंडाळायला बसल्या. पुढचे तीन महिने त्या तसंच करत राहिल्या. पापलेट केलं, संघमित्राताईंनी कडा सरळ करायला लावल्या. होडी केली, रंगांचा क्रम बदलायला लावला. कोळंबीच्या मिशा तर त्यांनी उपटायलाच लावल्या, "चित्राबाहेर जातायत" म्हणून. कमलाबाई सगळं ऐकायच्या, कुरकुर नाही. आणि मला इथे कबूल केलं पाहिजे की मी खूश होते. गुंडाळ्या घट्ट होत होत्या, याचा अर्थ बोटांत जोर येत होता. मी कार्डावर 'उत्तम प्रगती' लिहायला सांगायचे आणि संघमित्राताई आपल्या सुरेख अक्षरात ते लिहायच्या.

ग्रुपवर मात्र कमलाबाईंचे मासे आता चाळीस फोटोंतले एक होऊन गेले. नीटनेटके, सारखे, कुठेही बोट ठेवायला जागा नसलेले. बायका अंगठा दाखवून पुढे जायच्या. सीमाताईंनी एकदा लिहिलं, "कमलाबाई, सफाई आलीय, पण तो पहिला बोंबील कुठे गेला?" हे वाचून संघमित्राताईंना हायसं वाटलं. त्या दिवशी त्यांनी विभागात सगळ्यांना भजी मागवली. कारण कुणालाच कळलं नाही.

तरीही त्यांना स्वस्थता नव्हतीच. रविवारी त्या आपला फोटो सहाला एक मिनिट कमी असताना टाकायच्या, म्हणजे कमलाबाईंचा आधी बघून घेता येईल. सोमवारी मला विचारायच्या, "नाखवा बाईंना अजून किती दिवस यावं लागेल?" मला वाटायचं, शिष्या जाणार म्हणून विचारतायत.

मग प्रदर्शनाचं निघालं. दादरला एक छोटा हॉल तीन दिवसांसाठी मिळाला होता आणि सीमाताई ग्रुपमधली बारा कामं मांडणार होत्या. एका दुपारी त्यांचा संघमित्राताईंना फोन आला. मी टेबलापाशीच कार्ड शोधत उभी होते, पण तेव्हा बोलण्याकडे माझं लक्ष नव्हतं. ते मला नंतर कळलं.

"संघमित्रा, मला तो मूळ बोंबील हवाय. कमलाबाई फोन उचलत नाहीत, बाजारात असतील. तुला ठाऊक आहे का कुठे आहे?"

बोंबील संघमित्राताईंच्या घरी कपाटात होता. चादरींच्या घडीत, पालथा.

"तो आता नसेल हो," त्या म्हणाल्या. "फेकून दिला असणार. त्या लोकांना असल्या गोष्टींची काय किंमत."

"हो का? अरेरे," सीमाताई म्हणाल्या. "तेही खरंच म्हणा. मग असं करू, त्या जागी तुझं कमळांचं तळं घेऊ."

संघमित्राताईंनी फोन ठेवला. मी कार्ड मागितलं तर त्यांनी भलतंच दिलं. सहा वर्षांत असं झालं नव्हतं.

'त्या लोकांना.' पहिल्या नोकरीत, एकवीस वर्षांच्या असताना, त्यांचा साहेब पार्टिशनपलीकडे त्यांच्याबद्दल असंच बोलला होता. त्या लोकांना फायलींची काय किंमत. तेव्हा त्या बाथरूममध्ये जाऊन रडल्या होत्या आणि बाहेर येऊन त्याच साहेबाची पूर्ण वर्षाची नोंदवही नव्याने, एकही खाडाखोड न करता लिहून काढली होती. आता तेच शब्द आपल्या तोंडातून इतक्या सहज कसे आले, हे त्यांना कळेना. आणि समोरच्या बाईने ते किती सहज मान्य केले, तेही. "पण मॅडम," त्यांनी मला सांगितलं, "लाज वाटत होती आणि तळं लागणार म्हणून आनंदही होत होता. दोन्ही एकाच वेळी. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी फोन परत लावला नाही.

पुढच्या आठवड्यात कमलाबाईंचे उपचार संपले. त्यांनी माझ्यासमोर डाव्या हाताची मूठ वळली, उघडली, परत वळली. "परवापासून बाजारात पाटीवर बसते," त्या म्हणाल्या. मग नोंदणीच्या टेबलाजवळ थांबल्या आणि मापपट्टी परत केली.

"ठेवा ना तुमच्याकडेच," संघमित्राताई म्हणाल्या. "रविवारी लागेल."

"नाय गो. आता नाय करायची मी."

"का?"

"मजा नाय येत. मोजलेला मासा मेलेला दिसतो. बर्फावर तीन दिस ठेवल्यावानी." मग त्यांनाच वाटलं असावं की लागेल, म्हणून म्हणाल्या, "तुजा काय दोष नाय. तू चांगलंच शिकवलंस. माजाच हात त्यातला नाय."

आणि त्या गेल्या. संघमित्राताईंना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. लागोपाठ दोन रविवार त्यांचं काम निवडलं गेलं. प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका आली, तिच्यावर कमळांचं तळं होतं. उत्तमरावांनी ती पोस्टात सगळ्यांना दाखवली.

पत्रिका आली त्या सकाळी संघमित्राताईंनी कपाटातून बोंबील काढला. का काढला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. चादरींच्या वजनाने त्याचा खालचा जबडा चेपला होता. तीन गुंडाळ्या चपट्या झाल्या होत्या. त्यांना वाटलं, निदान एवढं तरी दुरुस्त करून ठेवावं. त्यांच्यासारखीला दहा मिनिटांचं काम.

त्यांनी पांढुरकी पट्टी घेतली, गुंडाळली. घट्ट आली. सोडून सैल केली, तर ती सैलही नेमकीच सैल झाली, गोल, गुळगुळीत. डावा हात मुद्दाम आखडून पाहिला. डोळे मिटून पाहिलं. सलग तीन सकाळी संघमित्राताई त्या तीन गुंडाळ्यांच्या मागे होत्या. नळाला पाणी येऊन गेलं तरी उठल्या नाहीत आणि उत्तमरावांना हंडे भरावे लागले. एकही गुंडाळी त्या बोंबलाच्या तोंडात शोभेना. बसवली की तेवढा जबडा प्लास्टिकचा वाटायचा.

"तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं," त्या मला म्हणाल्या. "आधी मी चुका बघत होते. मासा बघितलाच नव्हता."

शनिवारी अर्धा दिवस भरून त्या लालबागच्या बाजारात गेल्या. कमलाबाई आपल्या जागेवर होत्या, डाव्या हाताने हलवा मासा धरून उजव्या हाताने खवले काढत. शेजारी त्यांच्याच वयाच्या शांता नावाच्या कोळीणबाई बसल्या होत्या. पुढ्यात ओले बोंबील, कोळंबी, मांदेली. संघमित्राताई पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या.

"मावशी, मी एक वाईट काम केलंय."

"बस आधी." कमलाबाईंनी पाट पुढे केला. कडक इस्त्रीची साडी सावरत संघमित्राताई त्या ओल्या पाटावर बसल्या आणि सगळं सांगितलं. बोंबील, चादरी, फोन, 'त्या लोकांना', तळं. मापपट्टीचंही. ते सांगणं सगळ्यात जड गेलं, कारण त्याबाबत कमलाबाई स्वतःच्याच हाताला दोष देत होत्या. "मी तुमचं सुधारत नव्हते. बिघडवत होते. मला कळत होतं."

कमलाबाईंनी खवले काढणं थांबवलं नव्हतं. हलव्याची बाजू पालटून म्हणाल्या, "कशापायी?"

"तुमचं माझ्यापेक्षा चांगलं होतं."

"येवढंच?" त्यांनी मानेने शेजारी दाखवलं. "ही शांता. तीस वर्सं माजं गिऱ्हाईक बघून जलते. जलतेस ना गो?"

"मंग?" शांताबाई पलीकडून म्हणाल्या. "तुज्याकरं जातात नि मी काय माश्या मारू?"

"आनि दुपारी एका डब्यात जेवतो आमी. जलायला काय लागतं? शेजारी बसलं का जलायचंच." मग कमलाबाईंनी कोयता खाली ठेवला आणि त्यांचा आवाज बदलला. "पन तू माजं नाव घेऊन खोटं बोललीस. ते मना नको सांगूस. त्या बाईला सांग."

"सांगते."

"त्या लोकांना म्हनालीस ते पन सांग."

"ते पण?"

"तेच पयलं सांग."

संघमित्राताईंनी पिशवीतून बोंबील काढला आणि चेपलेला जबडा दाखवला. "एवढा नीट करून द्या. माझ्याने होत नाही. तीन दिवस बसले."

कमलाबाईंनी लांबूनच पाहिला, हात ओले होते. "राहू दे तसाच. टोपलीच्या तलाला जो असतो तो असाच चेपतो."

रविवारी सहाला संघमित्राताईंनी ग्रुपवर स्वतःचं काम टाकलं नाही. तीन वर्षांत पहिला खाडा. बोंबलाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं. मी तो मजकूर वाचलाय. सुरुवातच 'त्या लोकांना असल्या गोष्टींची काय किंमत, हे मी सीमाताईंना म्हणाले आणि त्या तेही खरंच म्हणा असं म्हणाल्या' अशी होती. नंतर बाकीचं. शेवटी लिहिलं होतं, 'तळ्याच्या जागी बोंबील लावावा.'

पाऊण तासाने सीमाताईंचा फोन आला. त्या चिडल्या होत्या. "हे तू मला एकटीला सांगू शकली असतीस. चाळीस जणींसमोर मलाही ओढलंस."

"तुम्ही बोललात ते मी लिहिलं," संघमित्राताई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा कमीच बोललात. पण बोललात."

"बोंबील उद्या पाठवून दे," एवढं म्हणून सीमाताईंनी फोन ठेवला. पुढे बरेच दिवस त्या दोघींत कामापुरतंच बोलणं राहिलं. दोन बायका ग्रुप सोडून गेल्या. त्यातल्या एकीशी संघमित्राताईंची चांगली मैत्री होती.

प्रदर्शनाला मी गेले होते. बोंबील दाराच्या समोरच लावला होता, चेपलेल्या जबड्यासकट. खाली कमलाबाईंचं नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी कमलाबाई आल्या, हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, सोबत शांताबाई. लोक त्यांच्याभोवती जमले. एका तरुण मुलीने विचारलं, "आजी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

कमलाबाईंनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. संघमित्राताई मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या होत्या. "ती काय, तिनं," कमलाबाईंनी हात लांब करून दाखवलं. "माजी मास्तरीन." सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मी संघमित्राताईंच्या शेजारीच होते. त्या हसल्या, नमस्कार केला. लोक परत बोंबलाकडे वळल्यावर हळूच म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू? आत्ताही बरं वाटलं नाही. वाटलं, मोठं मनही हिचंच."

आता मी ते रुग्णालय सोडलंय. संघमित्राताई अजून तिथेच आहेत, अजून दर रविवारी फोटो टाकतात. त्यांचं काम पूर्वीइतकंच नेटकं असतं आणि पूर्वीइतक्याच वेळा निवडलं जातं. प्रदर्शनानंतर कमलाबाईही पुन्हा करू लागल्या, पण विषय पाळत नाहीत. मनात आलं की करतात, नाहीतर महिना महिना गप्प. मध्ये विषय 'आकाश' होता, त्यांनी खेकडा पाठवला. त्यांचा हात आता पूर्ण बरा आहे, तरी गुंडाळ्या पुन्हा सैल येऊ लागल्यात. कशा ते त्यांना ठाऊक. विचारलं तर म्हणतात, मासा सांगतो तसं करायचं.

मागच्या महिन्यात मी जुन्या विभागात सहज डोकावले, तेव्हा संघमित्राताईंनी मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले, आणि पेशंट विचारतात तसं मला विचारलं, "मॅडम, बोटं सैल करायचा काही व्यायाम असतो का हो?"

मला आखडलेली बोटं मोकळी करायचे सगळे व्यायाम येत होते. मी त्यांचा डावा हात हातात घेतला, बोटं एकेक करून हलवून बघितली. कुठेही आखडलेली नव्हती. तसं त्यांना सांगितलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या, आणि रांगेतल्या पेशंटचं कार्ड लिहायला उठल्या.